वडिलांचा व्यवसाय : माजी मालक

पायात बाटाचे बूट असतील तर राहू द्या. जिथं जायचंय तिथं ते शोभतील. बाटा हे कुठल्यातरी बंगाली शेटजींचं आडनाव असावं, अशा समजुतीत आपल्यातले कितीतरी जण लहानाचे मोठे झाले. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात काळ्या बुटांसाठी दुकानात ताटकळताना कोण कशाला चौकशी करतो! आडनाव चेक आहे. मोरावियातल्या झ्लिन गावात १८९४ साली हा धंदा सुरू झाला आणि १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ त्याचं बाटानगर वसलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये झ्लिनचा कारखाना सरकारजमा झाला. १९४९ मध्ये गावाचं नावही गेलं. कम्युनिस्ट अध्यक्ष क्लेमेंट गोट्वाल्ड यांच्यावरून ते गोट्वाल्डोव्ह झालं. बाटा कुटुंबाचं निभावलं, कारण त्यांचे कारखाने परदेशातही होते. तुमच्या वडिलांचा छापखाना मात्र एका घराच्या मागच्या अंगणात आहे आणि जगात दुसरीकडे कुठंही नाही.

हो, तुमच्याच वडिलांचा. आता थोडा वेळ तुमचं वय अकरा. गाव प्राग, पेठ झिझ्कोव्ह, तारीख २५ फेब्रुवारी १९४८, वार बुधवार. हे कुटुंब कुणा एकाचं नाही, अनेक घरांत घडलेलं एका छपराखाली आणलंय. कायदे, तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत.

जिना चढून वर या. गिरगावातली चाळ पाहिली असेल तर परकं वाटणार नाही. चौकाभोवती फिरणारी लोखंडी कठड्याची गॅलरी, तिच्यावर ओळीनं बिऱ्हाडांची दारं, टोकाला सामाईक संडास, कठड्यावर वाळत टाकलेल्या गाद्या. या गॅलरीला इथं ‘पव्लाच’ म्हणतात. वडिलांना म्हणतात ‘ताता’, आपल्या ‘तात’च्या अगदी जवळचं. आईला म्हणतात ‘मामा’. हसू आवरा. आपण तिला आईच म्हणू. घर आजोबांनी कर्ज काढून घेतलेलं. तीन मजल्यांवर भाडेकरू, त्यातली निम्मी भाडी थकलेली. मालक म्हणजे काय, तर गळका नळ कुणाचाही असो, हाक तातांना.

अंगणातल्या बैठ्या खोलीत छापखाना आहे. दोन ट्रेडल, एक मोठं मशीन, चार कंपोझिटर, एक फोरमन, एक पोऱ्या. लग्नपत्रिका, बिलबुकं, कॅलेंडरं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘पार्टे’, काळ्या चौकटीतली निधनवार्तेची कार्डं. माणूस गेला की त्याचं पार्टे छापायचं, नातेवाइकांना धाडायचं, ओळखीच्या दुकानाच्या काचेवर लावायचं. मरण काही वेळ बघून येत नाही, त्यामुळे तातांना रात्रपाळी नवी नाही.

फोरमनकाकांनी तुम्हाला खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, ओळखायला शिकवलंय. आपल्या छापखान्यांत जोडाक्षरांपायी केसचे खण वाढायचे, इथं ते चिन्हांपायी वाढतात. कुठल्या अक्षरावर उलटी टोपी, कुठं तिरकी रेघ, कुठं डोक्यावर बारीक गोल, अशी पंधरा अक्षरं. त्यातलं एक, संगीतकार ड्वोर्झाकच्या नावातलं, ‘र’ आणि ‘झ’ एकाच श्वासात थरथरवल्यासारखं. ते चेक मुलांच्याही तोंडात उशिरा बसतं. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. अंगठा खाचेवर पडला की खिळा सुलटा धरलाय की उलटा, ते न बघता कळतं. ‘डोळे मजकुरावर, अक्षर बोटांना,’ असं काका म्हणतात. काका युद्धाच्या आधीपासून कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहेत. त्याचं कुणाला काही वाटत नाही. दर ख्रिसमसला ते तुमच्याकडे तळलेला कार्प मासा खाऊन जातात.

आज बाहेर कडाक्याची थंडी आहे. पाच दिवसांपूर्वी कम्युनिस्टेतर पक्षांच्या बारा मंत्र्यांनी राजीनामे दिले. अध्यक्ष बेनेश ते स्वीकारणार नाहीत, सरकार पडेल, निवडणुका होतील, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब फसला. रस्त्यावर कामगारांची सशस्त्र पथकं फिरताहेत. दुपारनंतर गोट्वाल्ड, तेव्हा पंतप्रधान, वाक्लाव चौकातल्या गर्दीला सांगतात की अध्यक्षांनी राजीनामे मंजूर केले. गोळीबार नाही, रक्तपात नाही. सगळं कागदोपत्री. ताता त्या वेळी एका म्हातारीचं पार्टे जुळवताहेत. रेडिओ ऐकून ते थांबतात, कंपोझिंग स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, खाली ठेवतात, मग पुन्हा उचलतात. म्हातारीचं दफन शुक्रवारी आहे.

दोन आठवड्यांत परराष्ट्रमंत्री यान मासारिक आपल्याच मंत्रालयाच्या खिडकीखाली मृत सापडतात. आई चार दिवस गॅलरीकडचं दार बंद ठेवते. तेवढंच.

तुमची पाळी वसंतात येते. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला संसदेत कायद्यांचा सपाटा लागतो. पन्नासाहून अधिक कामगार असलेले उद्योग सरकारचे, आणि काही धंद्यांना तर पन्नासाचीही अट नाही. त्यात छपाई येते. साहजिक आहे. साबणाच्या कारखान्याचं सरकारला भय नसतं. चार कंपोझिटर आणि दोन ट्रेडल मात्र एका रात्रीत पाच हजार पत्रकं काढू शकतात.

मे महिन्यातल्या त्या सकाळी फोरमनकाका अंगणातून न येता पुढच्या दारानं येतात. अंगात रविवारचा कोट. बरोबर दोन अनोळखी माणसं. काका टोपी काढतात आणि सवयीनं म्हणतात, “मालक...” मग अडखळतात. हातातला कागद सांगतो की आजपासून काका या छापखान्याचे ‘राष्ट्रीय व्यवस्थापक’. भरपाईची तरतूद आहे, असंही कागदात आहे. ती तरतूद तुम्हाला आयुष्यभर कागदातच भेटेल. अनोळखी माणसांपैकी एक जण मोजणी सुरू करतो. मशिनं, केस, रिमं, शाईचे डबे, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ. तातांनी कोटाच्या खिशात घातलेली कंपोझिंग स्टिक त्याला दिसते. तो काकांकडे बघतो. काका म्हणतात, “ती त्यांची स्वतःची आहे.” ती छापखान्याचीच होती. एवढं एक खोटं काका तुमच्यासाठी बोलले. पुढच्या चाळीस वर्षांत काकांचा राग यायला लागला की हे वाक्य आडवं येईल.

ताता दुसऱ्या दिवसापासून तिथंच पगारी कंपोझिटर. आता ‘दोब्री देन’ म्हणायचं नाही. शुभ दिवस जुना झाला. आता ‘चेस्त प्रात्सी’, म्हणजे श्रमाला मान. ताता ते म्हणतात, पण शब्दांत एवढं अंतर ठेवतात की मध्ये एक कोरा खिळा बसावा. वर्षभरात पेठेतले लहान छापखाने एकत्र करून मोठ्या राष्ट्रीय उद्योगात घातले जातात. ट्रेडल हातगाडीवरून जातात. काकांचं व्यवस्थापकपदही ट्रेडलांबरोबरच जातं. अंगणात कोळसा साठवायला लागतात.

इथं जरा थांबू. आपल्याकडे लाल बावट्याची आठवण वेगळी आहे. गिरणगावात तो पगारासाठी, भत्त्यासाठी, मालकाच्या दारात उभा राहिला. अमर शेखांच्या आवाजात आणि अण्णा भाऊंच्या लेखणीत तो ज्यांना भेटला, त्यांना तो खोटा वाटला नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. पण तिथं बावट्यासमोर मालक होता. प्रागमध्ये बावटाच मालक झाला, आणि मग त्याच्या दारात कुठला बावटा घेऊन जायचं, हे कुणालाच सांगता येईना. कुळकायद्यात जमिनी गेलेली घरंही आपल्याकडे आहेत, त्यांच्या कडवट गोष्टी मी ऐकल्यात. पण त्या घरांतल्या मुलाला कॉलेजच्या खिडकीवर ‘तुझा बाप जमीनदार होता का’ असं विचारून कुणी परत पाठवलं नाही. माझ्या लेखी मोठा फरक हा आहे.

आता जून १९५०. तुम्ही तेरा वर्षांचे. पंक्रात्स तुरुंगाजवळच्या न्यायालयात तेरा आरोपींवर खटला चालू आहे आणि त्याचं प्रक्षेपण रेडिओवर होतंय. मुख्य आरोपी मिलादा होराकोव्हा. वकील, माजी खासदार. जर्मन अमलात पाच वर्षं नाझींच्या तुरुंगांत काढलेली बाई. आता तिच्यावर देशद्रोहाचा आणि कटाचा आरोप आहे. कारखान्यांतून, कचेऱ्यांतून, शाळांतून ठराव येताहेत, हजारोंनी, सगळ्यांचा सूर एकच : कठोरात कठोर शिक्षा द्या.

तुमच्या वर्गात बाई ठराव वाचतात. तुमच्या शेजारच्या बाकावरचा मुलगा पेन्सिलीला टोक काढत बसलाय. बाईंचा आवाज नेहमीपेक्षा किंचित वरचा. “ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.” हात वर जातात. उलट मत कुणाचं आहे का, असं त्या विचारत नाहीत. हात मोजतही नाहीत. त्या फक्त बघतात. बघता बघता त्यांची नजर तुमच्यावर येऊन थांबते, आणि तुम्हाला कळतं की छापखान्याची गोष्ट त्यांना ठाऊक आहे. तुमचा हात वर जातो. इतरांच्या हातांपेक्षा थोडा जास्तच वर.

संध्याकाळी ताता विचारतात, “सगळ्यांनी केला?”

“सगळ्यांनी.”

“बरं.”

पुढे कुणी काही बोलत नाही. आई बटाटे सोलत राहते. २७ जूनला होराकोव्हाबाईंना आणि आणखी तिघांना फाशी होते. तिघांपैकी एक, झाविश कालांद्रा, स्वतः जुना कम्युनिस्ट. आइनस्टाइन आणि चर्चिल यांच्यासारख्यांनी केलेली रदबदली वाया जाते. बाईंची मुलगी त्या वेळी सोळा वर्षांची आहे. आईनं तुरुंगातून लिहिलेली शेवटची पत्रं तिला मिळत नाहीत. ती तिच्या हातात पडतील १९९० मध्ये. ही बातमी तुम्ही त्रेपन्नाव्या वर्षी वर्तमानपत्रात वाचाल, आणि वाचताना उजवा हात टेबलाखाली न्याल.

छापखाना घेतला त्याची मोजणी झाली, यादी झाली, सही झाली. या हाताची नोंद कुठंच नाही. म्हणून तो परत मागताही येत नाही.

पुढची दोन वर्षं भराभर जातात. घर अजून नावावर आहे, पण भाडं थेट बँकेतल्या गोठवलेल्या खात्यात जमा होतं. त्यातून काढायचं तर परवानगी हवी. तुमच्याकडे माणसांच्या मानानं खोल्या जास्त आहेत असं ठरून पुढच्या खोलीत एक परकं कुटुंब येतं. वाईट माणसं नाहीत. त्यांचं बाळ रात्री रडतं, एवढंच. १९५१ मध्ये सरकार ठरवतं की टेबलावर काम करणाऱ्या सत्याहत्तर हजार माणसांना प्रत्यक्ष उत्पादनात पाठवायचं. तातांना हिशेबाच्या टेबलावर बसवून सहाच महिने झालेत. त्यांची रवानगी होते क्लाद्नोच्या पोलाद कारखान्यात. शिशाचा बारीक खिळा चिमटीत उचलणारी बोटं आता फावडं धरतात. रविवारी घरी येतात तेव्हा कपाचा कान त्यांच्या हातात नीट बसत नाही.

१९५२. तुम्ही पंधरा वर्षांचे, गणितात वर्गात पहिले. पुढच्या शाळेसाठी अर्जाबरोबर एक अहवाल जातो. तो तुम्हाला दाखवत नाहीत. तरी प्रत्येकाला माहीत असतं की त्यात मार्कांआधी एक रकाना येतो : वर्गीय मूळ. तुमच्या रकान्यात लिहिलंय, वडिलांचा व्यवसाय : माजी मालक. वडील आज पोलाद कारखान्यातले मजूर आहेत. कामगारांचं राज्य आहे. पण मजूर हा त्यांचा आजचा व्यवसाय आणि ‘माजी मालक’ ही जात; ती बदलत नाही. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. प्रागमधल्या सगळ्यात श्रीमंत घरांपैकी एका घरातल्या मुलाचंही तेच झालं. लुत्सेर्ना नावाचा आलिशान वाडा बांधणाऱ्या आजोबांचा हा नातू प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला, रात्रशाळेतून १९५४ मध्ये मॅट्रिक झाला, पुढे नाटकाच्या थिएटरात पडदे-सेट ओढायला राहिला. त्याचं नाव वाक्लाव हावेल. तुम्ही हावेल नाही. तुम्हाला सूतगिरणीत उमेदवारीला घालतात.

गिरणी का? कारण त्याच शरद ऋतूत एक चिठ्ठी येते. राजधानीतून ‘अनुत्पादक’ आणि ‘वर्गशत्रू’ कुटुंबं हलवायची मोहीम चालू आहे. ‘ब’ मोहीम तिचं नाव. ट्रकमध्ये मावेल तेवढं सामान. तातांची स्टिक आई पिठाच्या डब्यात घालते. तुमचा दहा वर्षांचा भाऊ आपलं मांजर कोटात लपवतो, ते वाटेत उडी मारून जातं.

ट्रक थांबतो उत्तरेकडच्या, गिरण्यांच्या लिबरेत्स भागातल्या एका खेड्यात. घर दगडी, दुमजली, तुमच्या बिऱ्हाडापेक्षा ऐसपैस. आई चुलीजवळ जाते आणि थबकते. भिंतीवरच्या पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्यानं भरलेली अक्षरं आहेत, जर्मन. फडताळात पीठ, साखर, मीठ अशी नावं रंगवलेल्या चिनी मातीच्या बरण्या, त्याही जर्मन. माळ्यावर एक लाकडी घोडा. १९४५ ते १९४७ या काळात सुमारे तीस लाख जर्मन या देशातून हाकलले गेले. त्यातलं कुणीतरी ही बरणी धुऊन पालथी घालून गेलं होतं. तेव्हा प्रागमध्ये तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तातांनी त्या वर्षी ‘जर्मनांची मालमत्ता, हात लावू नये’ अशा पाट्याही छापल्या होत्या. चांगलं मोठं काम मिळालं होतं.

आई बरणी सुलटी करते आणि मीठ भरते. वरच्या नावाप्रमाणे, मिठाच्याच बरणीत.

१९५२ च्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस रुडोल्फ स्लान्स्की यांच्यासह चौदा जणांवर खटला उभा राहतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अकरा जण फासावर जातात. त्यात माजी परराष्ट्रमंत्री क्लेमेंतिसही आहेत. फेब्रुवारी १९४८ मध्ये ते बाल्कनीवर गोट्वाल्डशेजारी उभे होते. फोटोतून त्यांना आता पुसून टाकतात. ताता वर्तमानपत्रातला फोटो डोळ्यांजवळ नेतात. “हाफटोन खराब केलाय,” एवढंच म्हणतात.

मार्च १९५३ मध्ये आधी स्टालिन जातात, नऊ दिवसांनी गोट्वाल्ड. मग मे महिना. चलन बदलणार, अशी कुजबुज. २९ मेला नवे अध्यक्ष झापोतोत्स्की देशाला सांगतात की चलन भक्कम आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. ३० मे, शनिवार, संध्याकाळ : रेडिओ सांगतो की सोमवारपासून चलन बदलतंय. माणशी ३०० क्राउन पाचास एक दरानं बदलून मिळतील. त्यावरचे पन्नासास एक.

आपल्याला २०१६ च्या नोव्हेंबरातल्या रांगा आठवतात. आपल्याकडे जुने पाचशे देऊन पाचशेच मिळत होते, नशीब असेल तर. इथं हिशेब असा. पिठाच्या डब्यात स्टिकच्या खाली आईनं छापखान्याच्या दिवसांपासून साठवलेले १९,२०० क्राउन आहेत. चौघांचे १,२०० गेले पाचास एक, मिळाले २४०. उरलेल्या १८,००० चे मिळाले ३६०. सहाशे क्राउन घेऊन आई रांगेतून परत येते. जुन्या विमा पॉलिसी आणि १९४५ पासून गोठवलेल्या ठेवी रद्दच. आणि हे फक्त माजी मालकांना नाही, सगळ्यांना. १ जूनला प्ल्झेनमध्ये श्कोडा कारखान्याचे कामगार, खरेखुरे कामगार, रस्त्यावर उतरतात आणि नगरपालिकेच्या इमारतीतून पुढाऱ्यांचे पुतळे खाली फेकतात. त्यानंतर प्ल्झेनमधूनही कुटुंबं ट्रकमध्ये बसवून हलवली जातात.

ताता नवी नोट उजेडात धरतात. अंगठ्यानं कागद चोळतात. “ही आपल्याकडची छपाई नाही.” त्यांचं बरोबर आहे. त्या नोटा सोव्हिएत संघात छापून आणल्या होत्या, आणि त्यांना वेळ लागतो. म्हणजे अध्यक्ष रेडिओवर बोलत होते तेव्हा गठ्ठे बांधून तयार होते.

एक कागद राहिला. १९५८ मध्ये प्रागच्या घराबद्दल पत्र येतं. छप्पर दुरुस्त करा, कर थकलाय तो भरा, नाहीतर कारवाई. भाडं तर गोठलेल्या खात्यात. मार्ग एकच सुचवला जातो : घर सरकारला स्वेच्छेनं भेट द्या. ताता बक्षीसपत्रावर सही करतात. मराठीत बक्षीसपत्र हा शब्द मला फार आवडतो. त्यात आजोबा, नातू, आशीर्वाद, असं सगळं येतं. चेकमध्येही तो दानाचाच शब्द आहे. ताता खाली तारीख घालतात आणि कारकुनाला सांगतात की तिसऱ्या ओळीत एक अक्षर उलटी टोपी घालायची विसरलंय.

तीन वर्षांनी ते जातात. त्यांचं पार्टे लिबरेत्समध्ये एका राष्ट्रीय छापखान्यात छापलं जातं. अक्षरांमधलं अंतर विषम आहे.

साठच्या दशकात जरा मोकळं होतं. तुम्ही रात्रशाळा करता, प्रागला परतता, एका प्रकाशनात मुद्रितशोधकाची नोकरी मिळवता. राहायला मिळतं त्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. आजोबांच्या घराचं भाडं तुम्ही दर महिन्याला गृहनिर्माण खात्यात भरता. १९६८ च्या जूनमध्ये सेन्सॉरशिप कायद्यानं रद्द होते. सात-आठ आठवडे तुम्ही असं काही वाचता, जे आधी कुणी वाचून शिक्का मारलेलं नाही. २१ ऑगस्टला सोव्हिएत रणगाडे येतात. भाऊ व्हिएन्नामार्गे शिकागोला जातो. १९७० च्या ‘पडताळणी’त तुम्हाला विचारतात की रणगाडे आले ती बंधुत्वाची मदत होती, हे मान्य आहे का. या वेळी तुम्ही हात वर करत नाही. नोकरी जाते. एका थिएटरात प्रेक्षकांचे कोट सांभाळायचं काम मिळतं.

आणि रात्री टाइपरायटर. जानेवारी १९७७ मध्ये २४२ जणांच्या सह्यांचं एक निवेदन निघतं, चार्टर ७७, आणि ते सरकारला द्यायला निघालेली मोटार पोलीस रस्त्यातच अडवतात. त्या २४२ जणांत तुम्ही नाही. तुमची मुलगी शाळेत आहे आणि रकाना अजून तोच आहे. पण टाइप तुम्ही करता. पातळ कागद, मध्ये कार्बन, पुन्हा कागद, एका वेळी बारा. बोट ताकदीनं आपटावं लागतं, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून यंत्राखाली घोंगडी. पहिल्या प्रतीवर सगळी चिन्हं लखलखीत. आठवीवर टोप्या पुसट. बाराव्या प्रतीवर ड्वोर्झाकमधलं ते थरथरतं अक्षर नुसताच ‘र’ झालेला असतो आणि वाचणाऱ्यानं टोपी स्वतःच्या मनानं घालायची. ज्या अंगणात तासाला हजार कार्डं निघत, त्याच्या वरच्या मजल्यावर एका रात्रीत बारा प्रती.

१९८९ चा नोव्हेंबर तुम्हाला ठाऊक आहे. लोकांनी चौकात किल्ल्या वाजवल्या आणि कम्युनिस्टांची सत्ता गेली. वर्षाच्या आत घरं परत देण्याचे कायदे आले.

१९९१ चा ८७ क्रमांकाचा कायदा तुमच्या उपयोगाचा. २५ फेब्रुवारी १९४८ ते १ जानेवारी १९९० एवढ्या काळातल्या अन्यायांना तो लागू. दबावाखाली केलेलं बक्षीसपत्रही त्यात नाव घेऊन धरलंय. म्हणजे सरकारला ठाऊक होतं की असली बक्षिसं किती आहेत. अर्जाची मुदत सहा महिने, १ एप्रिल ते १ ऑक्टोबर. तुम्ही जूनमध्ये अर्ज करता आणि घर मिळतं. छप्पर गळतंय, गॅलरीचा कठडा हलतोय, भाडी अजून सरकारी दरानं. अंगणातल्या खोलीत कुणाचीतरी श्कोडा गाडी लावलेली. ट्रेडल कुठं गेले, कुणाला माहीत नाही.

भाऊ शिकागोहून फोन करतो. अर्ध्या घरावर त्याचाही हक्क आहे, निदान तातांच्या हिशेबानं. पण कायद्याला अर्जदार चेकोस्लोव्हाक नागरिक हवा आणि कायमचा राहणाराही इथलाच हवा. देशात राहण्याची अट घटना न्यायालयानं १९९४ मध्ये काढून टाकली. नागरिकत्वाची ठेवली. अमेरिकेशी १९२८ मध्ये झालेल्या करारानुसार तिथलं नागरिकत्व घेतलेल्या चेकचं इथलं नागरिकत्व गेलेलं होतं, आणि भावानं ते घेतलं होतं, कारण परत यायचं दार बंद होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं १९९५ मध्ये अशाच एका तक्रारीवर ही अट भेदभावाची ठरवली. प्रागमध्ये ती तशीच ठेवण्यात आली.